फडाआडचं घर: शैलजा पाईक यांची पुस्तकं

गुढीपाडवा जवळ आला की राजुरी, आळे, बेल्हे या पट्ट्यातल्या यात्रा-कमिट्यांना नारायणगावचे वेध लागतात. तिथं तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात. बाहेर कलावंतांच्या फोटोंचे फलक, आत तारखांची वही उघडून बसलेला व्यवस्थापक. चैत्र पौर्णिमा, कालाष्टमी या तारखांना भाव चढा. घासाघीस होते, इसार दिला जातो, सुपारी ठरते. वग कोणता, गाणी कोणती, नाचायला कोण, सगळं विचारलं जातं. नाचणारीच्या घराचा विषय मात्र निघत नाही. शैलजा पाईक यांनी याच न निघणाऱ्या विषयाचा इतिहास लिहिला आहे.

पाईक मूळच्या पूर्वीच्या नगर जिल्ह्यातल्या पोहेगावच्या. बालपण पुण्यात येरवड्याच्या वस्तीत, एका खोलीत, आईवडील आणि तीन बहिणींसह गेलं. पुणे विद्यापीठातून एम.ए., इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातून पीएच.डी. आणि आता अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक. 2014 साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं, आधुनिक भारतातल्या दलित स्त्रियांच्या शिक्षणावरचं. पुण्या-मुंबईच्या बायकांच्या मुलाखतींवर ते उभं आहे. वर्गात जात आडवी येते आणि घरी मुलगी असणं. शिकून नोकरी लागली, वस्ती सुटून फ्लॅट झाला, तरी हा दुहेरी जाच रूप बदलून मागे येतो. पुस्तक थोडं प्रबंधाच्या वळणाचं आहे, पण आयांनी मुलींच्या शिक्षणासाठी काय काय सोसलं ते वाचताना घर डोळ्यांपुढं उभं राहतं.

2022 साली आलेलं दुसरं पुस्तक, ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’, त्याहून फार मोठं काम आहे. विषय तमाशा. पाईक यांचं म्हणणं असं की अश्लीलता त्या बाईच्या अंगी नव्हती, जातिव्यवस्थेनं ती तिच्यावर लादली. तिच्या नाचावर गाव पोसलं, करमणूक झाली, आणि कलंक तेवढा तिच्या वाट्याला ठेवला. पवळाबाई हिवरगावकर आणि पठ्ठे बापूराव यांच्यावरची पानं मला सर्वांत मोलाची वाटतात. ब्राह्मण घरातले बापूराव तमाशात आले, तेव्हा त्यांच्या त्यागाच्या कथा झाल्या. महार घरातली पवळाबाई तोच फड गाजवत होती, तिच्या त्यागाची कथा कुणी सांगितली नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि पुढं ‘शुद्धी’च्या अटीवर तो पुन्हा उभा राहिला. त्या शुद्धीचा भारही या बायकांवरच पडला.

तमाशातून आलेली देणगी बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, हा प्रसंग आपल्याकडं अभिमानानं सांगितला जातो. पाईक तो अभिमान समजून घेतात. माणूस म्हणून ताठ उभं राहायचं तर हा पेशा सोडावा लागेल, ही भूमिका त्या आदरानं मांडतात. पण ज्यांची चूल त्याच पेशावर पेटत होती त्या बायका मग कुठं गेल्या, हेही त्या विचारतात. हे विचारायला धैर्य लागतं.

नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाईंची गोष्ट आमच्याकडं सर्वांना पाठ आहे. कार्यक्रम चालू असताना रंगमंचामागं बाळंतपण झालं, दगडानं नाळ तोडली आणि त्या पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. आपण ही गोष्ट कलेच्या निष्ठेची म्हणून सांगतो. पाईक वाचल्यावर ती गोष्ट मला तशी सांगता येत नाही. बाळंतिणीला त्या रात्री फडावर परतावं लागलं, कारण फड थांबला असता तर अनेक घरांचं पोट थांबलं असतं.

2024 साली पाईक यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत डोरोथी रॉबर्ट्स होत्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आयांवर कायदा, तुरुंग आणि बालकल्याण खातं कसं तुटून पडतं, हे त्यांनी 1997 च्या ‘किलिंग द ब्लॅक बॉडी’पासून 2022 च्या ‘टॉर्न अपार्ट’पर्यंत दाखवलं आहे. तिथं सरकार मुलं काढून नेतं. इथं तमाशातल्या बाईची मुलं सरकार नेत नाही, पण शाळेत बापाचं नाव काय लावायचं इथून अडचण सुरू होते. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मचरित्रात आईचंच नाव लावलं, ते याच अडचणीतून.

पाईक यांच्या या दुसऱ्या पुस्तकात परिभाषेची दाटी आहे. बायका स्वतः बोलू लागतात तिथं ती दाटी विरते, आणि तसं आणखी हवं होतं. फडाचा हिशेबही सविस्तर यायला हवा होता: मालकाकडून घेतलेली उचल किती, ती फिटेपर्यंत किती हंगाम जातात, पावसाळ्यात घर कशावर चालतं. ही माहिती सांगणाऱ्या बायका नारायणगावात आजही आहेत.