सत्तर भुजंगधारी आणि पुण्याचा कॅप्टन

इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची गोष्ट आपण १९९५ पासून, मेयर आणि केलो यांच्या ५१ पेगासीपासून सांगतो. माझ्या मते ही सुरुवात अपुरी आहे. गेली वीसेक वर्षे माझे मन अडकले आहे ते भुजंगधारी तारकासमूहातल्या सत्तर क्रमांकाच्या जोडताऱ्यात, आणि तेही पुण्यातल्या एका माणसामुळे.

तारा सुमारे साडेसोळा प्रकाशवर्षांवर. थोरला सूर्यापेक्षा किंचित लहान आणि नारिंगी, धाकटा त्याहून मंद. दोघांची एकमेकांभोवतीची फेरी ८८ वर्षांची. ही जोडी विल्यम हर्शेलने १७७९ मध्येच ओळखली होती.

पुण्यातला तो माणूस म्हणजे विल्यम स्टीफन जेकब, कंपनी सरकारच्या बॉम्बे एंजिनिअर्समधले अधिकारी. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली. डॉलंडच्या पाच फुटी दुर्बिणीतून त्यांनी इथे जोडतारे मोजले आणि २४४ जोडताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. दोन ठिपक्यांमधले अंतर आणि कोन मायक्रोमीटरच्या बारीक तंतूंनी रात्रीमागून रात्री टिपायचे, हे काम डोळे शिणवणारे. पण त्यांची नजर तयार झाली ती याच कामात, असे मला वाटते.

१८४८ मध्ये ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. १८५५ मध्ये त्यांनी जाहीर केले, की सत्तर भुजंगधारीची जोडी गणिताने काढलेल्या कक्षेवरून बरोबर चालत नाही. कुणीतरी तिला ओढते आहे आणि तो ग्रह असणे खूपच संभवनीय आहे. ‘संभवनीय’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. न दिसणारा ग्रह ताऱ्याच्या डगमगण्यावरून ओळखायचा, ही वाट बरोबरच होती.

हा संयम पुढे टिकला नाही. अमेरिकेतले टी. जे. जे. सी यांनी १८९६ मध्ये ३६ वर्षांत फिरणारा अदृश्य सोबती ठामपणे मांडला. फॉरेस्ट मोल्टन यांनी १८९९ मध्ये गणिताने दाखवले, की अशी व्यवस्था टिकूच शकत नाही. सी यांनी दिलेले उत्तर इतके कडवट होते, की ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल जर्नल’ने त्यांना आवरण्याची वेळ आली. १९४३ मध्ये पुन्हा एक दावा झाला, आणि १९८८ मध्ये वुल्फ हाइंट्झ यांनी तोही मोडीत काढला. जेकबनी सुचवलेला ग्रह तिथे नव्हता.

जेकब १८५९ मध्ये प्रकृतीमुळे मद्रास सोडून मायदेशी गेले. पण पुणे त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते. पुण्याजवळच्या डोंगरावर, हवेतल्या धुरळ्याच्या वर, वेधशाळा उभारायची म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १८६२ मध्ये एक हजार पौंड मंजूर केले. सोबत नऊ इंची दुर्बीण होती आणि तीन वर्षे काम करण्याचे ठरले होते. ८ ऑगस्टला जेकब मुंबईत उतरले, पुण्याला पोचले आणि १६ ऑगस्टला तिथेच वारले. वय ४८.

ऑगस्टच्या मध्यात सत्तर भुजंगधारी रात्री साडेआठ-नऊला पुण्याच्या जवळजवळ डोक्यावर असतो. पावसाळी ढगांमागे तो बहुधा दिसत नाही.