रविवारची सहल आणि सांताक्रूझचा जम्बोब्लॉक

रविवारी सकाळी घरातील सर्वांची जमवाजमव होऊन सांताक्रूझ स्थानक गाठेपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात. डबे भरलेले असतात, मुलांना कान्हेरीची लेणी दाखवण्याचे कबूल केलेले असते. बोरिवलीपर्यंत लोकल आणि तेथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, असा साधासरळ बेत. फलाटावर मात्र गर्दी साचलेली, गाडीचा पत्ता नाही आणि तेवढ्यात उद्घोषणा कानी पडते : सांताक्रूझ ते गोरेगाव दरम्यान जम्बोब्लॉक! बोरिवली गाठेपर्यंत दुपार होते, उद्यानाच्या दाराशी बससाठी रांग असते आणि तेथून लेणी आणखी सहा-सात किलोमीटर आत. मुले कंटाळतात, मोठे एकमेकांवर चिडतात आणि सहल झाडाखाली डबा खाऊन आटोपते.

हा अनुभव उपनगरांतील बहुतेक घरांना आहे आणि त्याचा राग रेल्वेवर निघणेही स्वाभाविक आहे. तरीही हा ब्लॉक रविवारी दिवसाच का, आणि त्यात सांताक्रूझचेच नाव वारंवार का येते, हे समजून घ्यायला हवे.

पश्चिम रेल्वेवर एरवी दिवसाला सुमारे १,४०० लोकल फेऱ्या होतात. शेवटची लोकल सुटते ती मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास आणि पहाटे चारच्या सुमारास पहिली पुन्हा धावू लागते. देखभालीसाठी उरतात ते जेमतेम तीन तास. त्यातही लांब पल्ल्याच्या गाड्या असतातच. रूळ बदलणे, खडी सारखी करणे, सांधे आणि सिग्नल तपासणे, ओव्हरहेड वायर दुरुस्त करणे ही सारी कामे एवढ्या वेळात उरकत नाहीत. शिवाय त्या तारेतून २५ हजार व्होल्टचा प्रवाह वाहत असतो. तो बंद केल्याशिवाय तिला हात लावणे अशक्य. म्हणून कार्यालये बंद असलेला दिवस निवडला जातो.

धिम्या मार्गावर काम असेल तर त्या गाड्या जलद मार्गावर वळवतात आणि जलद मार्गावर काम असेल तर याच्या उलट. मात्र गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेण्यासाठी तशी सांध्यांची सोय असलेले ठिकाण लागते. त्यामुळे ब्लॉकची हद्द अशाच स्थानकांवर ठरते. दोन मार्गांच्या गाड्या एकाच मार्गावर आल्या की काही फेऱ्या रद्द होतात आणि उरलेल्या रेंगाळतात. राम मंदिर स्थानकात जलद मार्गाला फलाटच नाही. त्यामुळे वळवलेल्या गाड्या तेथे थांबू शकत नाहीत.

हा त्रास टाळायचा म्हणून देखभाल लांबणीवर टाकली, तर मार्ग कधी तरी आपणहून बंद पडतो आणि त्याला रविवारची वाट पाहावी लागत नाही. ३ जुलै २०१८ रोजी, मंगळवारी सकाळी, अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, तेव्हा पश्चिम रेल्वे तासन्‌तास विस्कळीत झाली होती. ब्लॉकची दुसरी बाजू तर प्रवाशाला दिसतच नाही. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड ते नायगाव दरम्यान सिग्नलमधील बिघाड दुरुस्त करताना पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली सापडून मृत्युमुखी पडले. रुळांवर उतरणाऱ्या माणसासाठी ब्लॉक म्हणजे गाडी येणार नाही, याची हमी असते. आपल्या सहलीचे तास हिरावले जातात ते या हमीसाठी.

सहल वाचवणे मात्र आपल्या हाती आहे. दिवसाचा ब्लॉक बहुधा सकाळी दहा-साडेदहापासून दुपारी तीन-साडेतीनपर्यंत असतो आणि रेल्वे तो आधी जाहीर करते. म्हणजे शनिवारी वृत्तपत्रातील एक चौकट वाचून सकाळी आठची गाडी पकडली, तर कटकट उरत नाही. उशीर झालाच, तर आता मेट्रोचाही पर्याय आहे. सांताक्रूझहून भुयारी मेट्रोने मरोळ नाका, तेथून घाटकोपर-वर्सोवा मार्गावर पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानक आणि शेजारच्या गुंदवलीहून दहिसरकडे जाणाऱ्या मेट्रोने राष्ट्रीय उद्यान. दोनदा गाडी बदलावी लागते खरी. पण रेल्वेच्या ब्लॉकचा तिला उपद्रव नाही. ब्लॉक नाही म्हणून सहल सोमवारवर ढकलू नये. त्या दिवशी उद्यान बंद असते.

कान्हेरीला लवकर पोहोचण्यात आणखी एक लाभ आहे. दुपारी काळा कातळ तापतो आणि शंभराहून अधिक लेण्यांचा डोंगर चढणे जिवावर येते. सकाळी तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह आणि कातळात कोरलेल्या पाण्याच्या पोढी निवांतपणे पाहता येतात. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे त्यांत नोंदवून ठेवली आहेत. हजार वर्षांपूर्वीचे हे प्रवासी मुलांना दाखवायचे असतील, तर घरातून तासभर आधी निघालेले बरे.