मुंबई पहिल्यांदा बघताना

गेल्या महिन्यात रेडिओवर आम्ही मुंबईच्या सहलीबद्दल बोललो. त्यानंतर आसपासच्या गावांतल्या गटांनी विचारलं, की नेमकं कुठून कुठे गेलात, काय बघितलं, ते नीट सांगा, आम्हालाही जायचं आहे. म्हणून तेच बोलणं इथे जरा सविस्तर लिहितो आहोत.

आधी हे सांगायला पाहिजे, की मुंबई आम्हाला नवी नव्हती. आमच्या गटातल्या बायका वांद्र्याच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात डाळ आणि पापड विकायला जाऊन आलेल्या आहेत. दहा-बारा दिवस त्या मुंबईत राहिल्या, पण बघितलं काय? स्टॉल, मंडपाचं छत आणि रात्री झोपायची जागा. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, पण माल सोडून जाणार कोण? परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, "समुद्र कसा आहे?" तर आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "तूरडाळीसारखा नसतो, एवढं माहीत आहे." आम्ही हसलो. मावशी मात्र हसल्या नाहीत.

मग ठरलं, की एकदा काही न विकता मुंबईला जायचं. बैठकीत वाद झाला. काही जणी म्हणाल्या, गटाचा पैसा असा उडवायचा का? बरोबर होतं त्यांचं. म्हणून गटाच्या बचतीला आणि अंतर्गत कर्जाला हात लावायचा नाही, असा ठराव लिहिला. जिला यायचं तिने आठवड्याला ५० रुपये वेगळे ठेवायचे, २० आठवड्यांत हजार होतात. दुसरा वाद जास्त चालला. निम्म्या जणींना सिद्धिविनायक आणि महालक्ष्मी करायचं होतं, निम्म्या म्हणाल्या चैत्यभूमीला गेल्याशिवाय आम्ही मुंबई केली असं म्हणणार नाही. एका दिवसात सगळं बसत नाही, हे नकाशा काढून दाखवलं तेव्हा कुठे पटलं. शेवटी दिवसभर दक्षिण मुंबई पायी बघायची, संध्याकाळी दादर करायचं, आणि मंदिरं पुढच्या वेळी, असं ठरलं. पुढच्या वेळी मंदिरंच आधी, हेही वहीत लिहून घ्यावं लागलं.

जालन्याहून रात्री देवगिरी एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येतं. राहण्याचा खर्च वाचतो. आरक्षण लवकर करा. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, मात्र पिशवीला कुलूप लागतं. आमच्या दोरीने बांधलेल्या पिशव्यांसाठी सकाळी सकाळी कुलपं शोधत फिरावं लागलं.

आता पहिलं बघण्यासारखं ठिकाण. त्यासाठी कुठे जायचं नाही, तुम्ही त्याच्यातच उतरलेल्या असता. बहुतेक माणसं गाडीतून उतरतात आणि मान खाली घालून बाहेर पळतात. तुम्ही रस्ता ओलांडून समोर महापालिकेच्या बाजूला जा आणि मागे वळून बघा. आम्ही तिथे अर्धा तास उभ्या होतो. ही इमारत १८७८ साली बांधायला घेतली आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. नकाशा फ्रेडरिक स्टीव्हन्स या इंग्रज वास्तुकाराचा, पण दगडावरचं बरंचसं कोरीवकाम मुंबईच्या जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांचं. नीट बघा, मोर आहेत, माकडं आहेत, पानंफुलं आहेत. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे आपला देश. सगळ्यांत वर, मोठ्या घुमटावर, एक बाई उभी आहे. तिच्या एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. तिचं नाव 'प्रगती'. आमच्यातली एक जण म्हणाली, "दगडाची असली की बाईला सगळे डोक्यावर घेतात."

लोकलचं तिकीट काढायच्या दालनात जाऊन छताकडेही बघा. तिथे पूर्वी निळ्या रंगावर सोनेरी चांदण्या रंगवल्या होत्या, म्हणून त्याला 'स्टार चेंबर' म्हणतात. या जागेजवळच जुनं बोरीबंदर स्टेशन होतं, आणि १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी तिथून ठाण्याला गेली. आपल्या बदनापूरच्या स्टेशनावर आपण उभ्या राहतो त्या रुळांची गोष्ट इथून सुरू झाली, असं म्हटलं तरी चालेल. २००४ साली ही इमारत जागतिक वारशात गेली. वेरूळ-अजिंठा १९८३ सालीच गेलेली आहेत, तेव्हा या बाबतीत आपणच मुंबईच्या थोरल्या.

तिथून महापालिकेच्या इमारतीला वळसा घालून थोडं पुढे गेलं की कामा हॉस्पिटल लागतं. प्रवासी कंपन्यांच्या यादीत हे नाव नसतं. पण आम्ही मुद्दाम गेलो. पेस्तनजी कामा या पारशी गृहस्थांनी पैसा दिला आणि १८८६ साली फक्त बायका-मुलांसाठी हा दवाखाना सुरू झाला. उपचार करणाऱ्या डॉक्टरही बायकाच. त्या काळी घरातली बाई पुरुष डॉक्टरला हात दाखवायला तयार नसे, घरचे दाखवू देत नसत, आणि त्यात कितीतरी जणी बाळंतपणात जात. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी इथे काम सुरू केलं. आत पेशंट असतात, म्हणून आम्ही फाटकाबाहेरूनच बघितलं. तुम्हीही तसंच करा.

पीचीबाईंचं नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या ठिकाणी ते परत येणार आहे.

हुतात्मा चौकाकडे चालत निघालात की दोन्ही बाजूंना जुन्या कमानींची दुकानं लागतात. चौकात फ्लोरा फाउंटन आहे, १८६४ सालचं, वर रोमन लोकांची फुलांची देवी. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या शंभराहून अधिक हुतात्म्यांचं स्मारक आहे, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. मराठवाडा १९४८ साली निजामाच्या राज्यातून सुटला, पण मुंबईसह मराठी राज्य व्हायला १ मे १९६० उजाडला. त्यासाठी या चौकात माणसं पडली. आमच्यातल्या आजींनी चप्पल काढून नमस्कार केला, मग सगळ्यांनीच केला.

चौकाच्या मागच्या अंगाला मुंबई उच्च न्यायालय आहे. ओव्हल मैदानाच्या बाजूने गेलात तर ते छान दिसतं. काळ्या दगडाची उंच इमारत, वर न्यायदेवतेचा पुतळा. ही इमारत १८७८ साली पुरी झाली. इथे आम्ही मैदानाच्या कडेला बसलो, धपाटे आणि दह्यातली चटणी सोडली आणि रखमाबाईंची गोष्ट सांगितली.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. पुढे नवऱ्याने नांदायला बोलावलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. माझ्या मर्जीविना, कळत नसताना लावलेलं लग्न मला बांधत नाही, असं त्यांचं म्हणणं. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. पहिल्या न्यायाधीशांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. वर अपील झालं, खटला पुन्हा चालला, आणि १८८७ साली हुकूम निघाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. २३ वर्षांचीही झाली नव्हती ती बाई. गावात चार माणसं बोलतील म्हणून आपण किती गोष्टी सोडून देतो, आणि हिच्या विरुद्ध तर वर्तमानपत्रांतून मोठमोठे पुढारी लिहीत होते.

आमच्याबरोबर एका सखीची मुलगी होती, नववीतली. तिने लगेच विचारलं, "मग टाकलं का तिला तुरुंगात?"

नाही टाकलं. १८८८ साली नवऱ्याने २००० रुपये घेऊन तडजोड केली. मग डॉ. पीची आणि इतरांच्या मदतीने रखमाबाई १८८९ साली लंडनला गेल्या, तिथल्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि परत आल्या. पुढे सुरत आणि राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी तीस वर्षांहून अधिक काम केलं. त्यांच्या खटल्याने जी चर्चा पेटली, तिच्यामागोमाग १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. त्याने वय दहावरून बारा केलं. बाराच. तरी त्यावरून केवढा गदारोळ झाला होता.

आपल्या तालुक्यात अजूनही अठरा व्हायच्या आत मुलीचे हात पिवळे करायची घाई होते, हे आपल्याला माहीत आहे. ऊसतोडीला जाताना मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्या आईचा प्रश्नही खरा आहे. त्या मुलीच्या घरीही तेव्हा स्थळाचं बोलणं चालू होतं. पुढे काय झालं तो त्या घरचा विषय आहे, इथे मांडणार नाही. मुलगी दहावीला बसते आहे, एवढं तिच्या आईने सांगायला परवानगी दिली आहे.

न्यायालयाशेजारी विद्यापीठ आणि त्याचा राजाबाई टॉवर. उंची सुमारे २८० फूट, बांधून झाला १८७८ सालीच. कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी २ लाख रुपये दिले आणि आपल्या आईचं नाव द्यायला लावलं. आई जैन, सूर्यास्ताआधी जेवणारी, डोळ्यांनी दिसेना, म्हणून घड्याळाचे टोले ऐकून तिला वेळ कळावी, अशी गोष्ट सांगतात. हा टॉवर लंडनच्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या धर्तीवर आहे. लंडन बघायला लोक लाखो रुपये घालतात. त्याची धाकटी बहीण इथे उभी आहे आणि ती एका आईच्या नावाची आहे. मैदानाच्या पलीकडे गुळगुळीत गोलसर गच्च्यांच्या इमारतींची रांग दिसेल. त्या पन्नास-साठ वर्षांनी नंतरच्या. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली जागतिक वारशात गेल्या.

पुढे काळा घोडा, आणि मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ साली उघडलं, घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देतो. तिकीट आहे. दोन तास हाताशी असतील तरच आत जा, नाहीतर बाहेरून बघून पुढे चला. आम्ही अर्ध्या तासात पळापळ केली आणि पैसे वाया गेले असं वाटलं. एक मात्र कामाचं, तिथलं शौचालय स्वच्छ मिळालं. हसू नका. शौचालय मिळणार नाही या भीतीने आपण दिवसभर पाणी पीत नाही आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. म्हणून सकाळीच ठरवा, की स्टेशन, संग्रहालय आणि परत स्टेशन. पाणी प्या.

गेटवे ऑफ इंडिया तिथून दहा मिनिटांवर. १९११ साली इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी इथे उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान. पण राजा आला तेव्हा कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली होती. खरी कमान पुरी झाली १९२४ साली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीत बसून गेली. राजाच्या स्वागताला बांधलेली कमान चोवीस वर्षांत त्यांच्याच सैन्याला निरोप द्यायला उपयोगी पडली. समोर ताज हॉटेल, १९०३ सालचं, आणि बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा.

इथून बोटी घारापुरीला जातात. जाऊ नका असं आम्ही म्हणणार नाही, पण पहिल्या खेपेला नको. जायला-यायला मिळूनच दोन तासांवर जातात, सोमवारी लेणी बंद असतात, आणि वेरूळचं कैलास आपल्या उंबऱ्यावर आहे.

मावशींचा समुद्र मात्र गेटवेला पुरा होत नाही, तिथे पाण्याला हात लागत नाही. त्यासाठी गिरगाव चौपाटी. टॅक्सी घ्या, मीटरने चला असं बसायच्या आधीच बोला. आम्ही बोललो नाही आणि दुप्पट दिले. चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, १९२० साली त्यांच्यावर इथेच अंत्यसंस्कार झाले. मावशी साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात गेल्या, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून म्हणाल्या, "खरंच खारट आहे की." इतकी वर्षं त्यांना ते फक्त सांगणंच वाटत होतं.

संध्याकाळी लोकलने दादर. इथे आमची चूक झाली. पाच वाजून गेल्यावर लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि आमच्या एक काकू गर्दीच्या लोंढ्यात एक स्टेशन आधीच उतरल्या. मोबाइल दुसरीच्या पिशवीत. अर्ध्या तासाने सापडल्या, प्लॅटफॉर्मवरच्या एका पोलीस ताईंनी बसवून ठेवलं होतं. म्हणून प्रत्येकीच्या कनवटीला दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या, चुकलात तर जिथे उतरलात तिथेच थांबा, आणि रेल्वेचा १३९, पोलिसांचा ११२ पाठ करा. दादर शक्यतो चारच्या आत गाठा, बायकांच्या डब्यातूनच.

चैत्यभूमी स्टेशनपासून पायी पंधरा-वीस मिनिटं. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ ला इथे अंत्यसंस्कार झाले. ६ डिसेंबरच्या आसपास लाखोंची गर्दी असते, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ते दिवस टाळले तर शांतपणे दर्शन होतं. सिद्धिविनायकाचा हट्ट धरलेल्या बायकाही आत आल्या आणि बराच वेळ बसल्या. बाहेर मागे समुद्रच आहे. आम्ही तिथे उरलेले धपाटे संपवले आणि रात्रीच्या गाडीसाठी परत टर्मिनसला आलो.

पुढची तुकडी तुरीची रास झाल्यावर निघणार आहे. दहा-बारा जणींपेक्षा जास्त नको, रस्ता ओलांडताना मोजणी चुकते. नावं मासिक बैठकीत द्या, आधार कार्डाची झेरॉक्स आणि पिशवीचं कुलूप सोबत घ्या. नव्या चपला घालून येऊ नका.