आईचे दूध बाळाला पुरते की नाही, हे कसे ओळखावे?

बाळंतपणानंतरची दुसरी किंवा तिसरी रात्र असते. बाळ तासातासाला उठते, छातीशी धरले की शांत होते, खाली ठेवले की पुन्हा रडते. स्तन अद्याप भरलेले वाटत नाहीत. अशा वेळी घरातील कोणीतरी म्हणते, "हिला दूधच येत नाही," आणि सकाळपर्यंत घरात बाटली येते. हे पत्रक त्या रात्रीसाठी आहे. शक्य असल्यास ते प्रसूतीपूर्वीच वाचावे. मातेबरोबर तिची आई, सासूबाई आणि बाळाचे वडील यांनीही वाचावे, कारण बाटलीचा निर्णय माता सहसा एकटी घेत नाही.

पहिल्या दिवशी नवजात शिशूचे जठर फार लहान असते. एका वेळी चहाचा एखाद-दुसरा चमचा दूध त्याला पुरते, आणि मातेला येणारा घट्ट, पिवळसर चीकही साधारण तेवढाच असतो. हा चीक साचलेला किंवा पचायला जड असतो, हा समज चुकीचा आहे. बाळाचे रोगांपासून रक्षण करणारे घटक त्यात विपुल असतात. त्याचा एक थेंबही टाकू नये. भरपूर, पांढरे दूध बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उतरते. पहिले बाळंतपण असल्यास किंवा शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास थोडा अधिक वेळ लागू शकतो. म्हणजेच 'दूध नाही' हा निकाल बहुतेक घरांत दूध उतरण्यापूर्वीच दिला जातो.

दूध कशाने वाढते?

विहिरीचा उपसा झाला की झरे मोकळे होतात, तसेच येथे घडते. बाळ चोखते तेव्हा मातेच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते व नवे दूध तयार होते. रात्री त्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. ऑक्सिटोसिन हे दुसरे संप्रेरक तयार दूध पुढे ढकलते. वेदना, भीती आणि टोचून बोलणे यांमुळे त्याच्या कार्यात अडथळा येतो. घरातील शब्दांचा दुधावर परिणाम होतो, ही केवळ समजूत नाही.

बाटलीने पोट भरलेले बाळ कमी चोखते, स्तन पुरते रिकामे होत नाहीत आणि शरीर दुधाची निर्मिती कमी करते. काही दिवसांनी दूध खरोखरच कमी पडू लागते. घरातील शंका खरी ठरते, पण ती बाटलीमुळे खरी झालेली असते.

लखनऊची आकडेवारी

लखनऊ ही उत्तर प्रदेशाची राजधानी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार त्या राज्यात ८३.४ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्या, परंतु जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बालके केवळ २३.९ टक्के होती. संपूर्ण देशात हे प्रमाण ४१.८ टक्के होते. माता रुग्णालयात पोहोचली, तरी पहिला तास हातून निसटला. काही कुटुंबांत बाळाच्या आत्याने मातेचे स्तन धुतल्याखेरीज पहिले दूध पाजले जात नाही. आपल्याकडे ही प्रथा नसेल. मात्र मधाचे बोट, गूळपाणी आणि गुटी आपल्याकडेही आहेत. एक वर्षाखालील बाळाला मधातून गंभीर विषबाधेचा धोका संभवतो, हे लक्षात असू द्यावे.

त्याच परिसरातील दुसरे उदाहरण आशादायक आहे. लखनऊजवळच्या रायबरेली जिल्ह्यातील शिवगड येथे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन कुटुंबांशी संवाद साधला. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणे, लवकर स्तनपान आणि नाळेची स्वच्छता यांवर भर दिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्युदर ५४ टक्क्यांनी कमी आढळला. हे केवळ स्तनपानाचे फळ नव्हे. तरीही त्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागली नव्हती, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

खरी परीक्षा

केवळ रडण्यावरून दूध कमी आहे असे ठरवू नये. बाळ ऊब हवी म्हणूनही रडते. स्तन मऊ लागणे, हाताने पिळल्यास थोडेच दूध निघणे, बाळाने संध्याकाळी पुन्हा पुन्हा मागणे, यांपैकी कशानेही दूध अपुरे असल्याचे सिद्ध होत नाही. दुपटे पाहावे. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा फिकट रंगाची लघवी व्हावी, आणि सुरुवातीची काळी शी पिवळी झालेली असावी. पहिल्या दिवसांत वजन थोडे घटते, ते स्वाभाविक आहे. साधारण दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत यावे. घट दहा टक्क्यांहून अधिक असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, बाळ मागेल तेव्हा पाजावे. बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी आणि बोंडाबरोबर भोवतालचा काळसर भागही तोंडात गेलेला असावा. केवळ बोंड तोंडात असल्यास मातेला वेदना होतात व बाळाला दूध कमी मिळते. 'दूध कमी' या बऱ्याच तक्रारींचे मूळ येथेच सापडते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर अवश्य खावी, त्यांनी मातेचे पोषण होते. पण बाळाच्या चोखण्याची जागा कोणताही पदार्थ घेऊ शकत नाही.

लखनऊचा जून असो वा नागपूरचा मे, सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी देऊ नये. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. पाणी मातेने प्यावे.

दूध खरोखर कमी असल्यास

असे काही मातांच्या बाबतीत घडते, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. प्रसूतीत झालेला अतिरक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा अंश, थायरॉइडचा विकार किंवा स्तनांवरील पूर्वीची शस्त्रक्रिया ही कारणे असू शकतात. तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी वरचे दूध सुचविल्यास ते वाटी-चमच्याने किंवा उकळून स्वच्छ केलेल्या बोंडल्याने द्यावे आणि छातीशी धरणे चालूच ठेवावे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळासाठी काही मोठ्या रुग्णालयांत दात्या मातांचे दूध मिळते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये अशी दुग्धपेढी सुरू झाली; लखनऊच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातही असे केंद्र आहे. दुधाच्या पावडरीचे मोफत नमुने मातांना देण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. कोणी देऊ केल्यास घेऊ नयेत.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिच्यासमोर एकदा बाळाला पाजून दाखवावे आणि वजन करून घ्यावे.

बाळ चोखत नसेल, सतत झोपून राहत असेल, अंग गार किंवा तापलेले लागत असेल, श्वास जलद होत असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील किंवा लघवी फारच कमी होत असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. १०८ किंवा १०२ क्रमांकावर दूरध्वनी करून बाळास त्वरित रुग्णालयात न्यावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार व रुग्णवाहिका विनामूल्य आहेत. नेताना बाळाला आईच्या छातीशी धरून, पांघरुणात गुंडाळून न्यावे. बाळ चोखू शकत असल्यास वाटेतही पाजत राहावे.