ढालीआडचा तोतया

पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे त्यांच्या नावाने एक तोतया उभा राहिला, ही हकिकत मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? १७७६ साली त्याला देहदंड झाला. हा तोतया मला अलीकडे आठवला तो नातवामुळे. नेरूळच्या आमच्या घरी कॅप्टन अमेरिकेची चित्रकथा वाचता वाचता त्याने विचारले, "आजोबा, दोघांचा पोशाख एकच, ढालही एकच. मग यातला वाईट कोण?"

प्रश्न पोरकट नाही. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४१ साली हा वीर जन्माला घातला. अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती, तोच मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावीत होता! युद्धानंतर त्याचा बाजार बसला. १९५३-५४ मध्ये त्याला कम्युनिस्टांचा कर्दनकाळ करून पुन्हा आणले, पण तो डाव साधला नाही. १९६४ साली तिसऱ्यांदा आणताना प्रकाशकांनी सांगितले की, हा वीर १९४५ पासून बर्फात गोठून पडला होता. मग मधल्या काळात कम्युनिस्टांना बडवणारा तो कोण?

त्याचा उलगडा १९७२ साली स्टीव्ह एंगलहार्ट या लेखकाने केला. तो म्हणे वीराचा एक निस्सीम भक्त! त्याने चेहरा, नाव, सारे वीराचेच करून घेतले. शक्तीचे औषध टोचून घेतले, पण सोबतचा किरणोपचार राहून गेला आणि डोके फिरले. जो तो त्याला देशद्रोही दिसू लागला. निरपराध माणसे त्याच्या हातचा मार खाऊ लागली. भाऊंचा तोतया ठग होता. हा मात्र मनापासून देशभक्त! म्हणूनच त्याची धास्ती अधिक वाटते. (प्रत्येक बातमीत देशद्रोही हुडकणारे गृहस्थ आमच्या सोसायटीतही आहेत, त्यांच्यापाशी ढाल नाही, एवढेच.) नातवाला मी म्हटले, "बाळ, पोशाख पाहू नकोस, मार कोणाला बसतो ते पाहा."

आपल्याकडे याच्या अगदी उलट मासला आहे. आबिद सुरती यांचा बहादूर १९७६ साली 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये आला. दरोडेखोराचा मुलगा! बाप पोलिसांच्या गोळीने मेला, म्हणून सूडाने पेटलेला. पुढे बापाची कृत्ये उमगतात आणि तोच नागरिकांच्या रक्षणासाठी दल उभारतो. अंगात भगवा कुडता, खाली जीन. झेंडा नाही की ढाल नाही.

'इंद्रजाल' १९९० साली बंद पडले. एके काळी रद्दीत गेलेल्या त्या अंकांना आता शौकीन चांगली किंमत मोजतात.