एक आठवडा, दोन अंतरे : मॅरेथॉन आणि अल्ट्रामॅरेथॉनच्या सरावाचा मेळ

अँटवर्प येथे १९२० साली भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धेत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. दुसऱ्याच वर्षी, २४ मे १९२१ रोजी, दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग ते डर्बन अशी एक निराळीच शर्यत सुरू झाली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहम या माजी सैनिकाने सुरू केलेली ही शर्यत 'कॉम्रेड्स' या नावाने ओळखली जाते. त्या पहिल्या वर्षी ३४ जण निघाले व १६ जण पोहोचले. पीटरमारित्झबर्ग हे नाव भारतीयांना ठाऊक आहे ते १८९३ साली तेथील स्थानकावर गांधीजींना आगगाडीतून उतरविण्यात आले म्हणून. आता महाराष्ट्रातील शिक्षक, पोलीस, डॉक्टर, बँक कर्मचारी अशी मंडळी त्या गावाच्या रस्त्यावर धावण्यासाठी जाऊ लागली आहेत.

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्याहून लांब अंतराच्या शर्यतीस अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. कॉम्रेड्सचे अंतर ८५ ते ९० किलोमीटरच्या दरम्यान असते व ते १२ तासांत पार करावे लागते. सामान्यतः एका वर्षी शर्यत समुद्राकडून डोंगराकडे चढत जाते, तर पुढच्या वर्षी उलट दिशेने उतरते. तथापि, या शर्यतीत प्रवेश मिळण्यासाठी आधी पात्रता सिद्ध करावी लागते. पूर्ण मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत धावावी लागते. येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. पात्रतेसाठी दर किलोमीटरला सुमारे ६ मिनिटे ५२ सेकंद हा वेग हवा. मुख्य शर्यतीत ९० किलोमीटरला १२ तास म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटे मिळतात. पहिल्या परीक्षेत वेग टिकविण्याची कसोटी आहे, दुसरीत पायांवर उभे राहण्याची. दोन्हींची तयारी करणाऱ्यापाशी मात्र आठवड्याचे सातच दिवस असतात आणि त्यांतील बहुतेक दिवशी त्याला कार्यालयात किंवा शाळेत वेळेवर हजर राहावयाचे असते.

दोन गरजा, एक शरीर

सपाटीवर एक किलोमीटर धावण्यास शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसास मॅरेथॉनसाठी अडीच हजार, तर ९० किलोमीटरसाठी ५,४०० किलोकॅलरी लागतील. स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली साखर साधारणतः दोन हजार किलोकॅलरींची असते. पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास अनेकांचे पाय एकाएकी जड होतात, याचे एक प्रमुख कारण या हिशेबात आहे. उरलेली ऊर्जा शरीरातील चरबीतून आणि वाटेत घेतलेल्या अन्नातून मिळते. चरबी जाळण्याची सवय स्नायूंना लागते ती दीर्घकाळ संथ धावल्याने, आणि हा गुण मॅरेथॉनलाही तितकाच उपयोगी पडतो.

याचा अर्थ असा की, दोन्ही शर्यतींचा पाया एकच आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड आपल्या सर्व धावपटूंना, मग ते कमी अंतराचे असोत वा लांब अंतराचे, पायाभरणीच्या काळात आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावावयास लावीत. रविवारी वायताकेरेच्या डोंगररस्त्यावर ३५ किलोमीटरची फेरी असे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचा पीटर स्नेल ८०० मीटर शर्यतीत आणि मरे हॅलबर्ग ५,००० मीटर शर्यतीत सुवर्णपदक विजेता ठरला, तर बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. पाया समान होता. शर्यत जवळ आल्यावर त्यावर काय बांधावयाचे, एवढेच वेगळे होते. नोकरदार माणसाने १६० हा आकडा विसरावा, तत्त्व तेवढे घ्यावे.

चूक घडते ती बेरजेमुळे. मॅरेथॉनच्या तक्त्यातील वेगाचे दोन दिवस आणि अल्ट्राच्या तक्त्यातील लांब पल्ल्याचे दोन दिवस एकाच आठवड्यात बसविले जातात आणि विश्रांतीचा दिवस नाहीसा होतो. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच वाढीव श्रमाला सरावतात. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना मात्र महिने लागतात. दम लागत नाही म्हणून अंतर वाढवीत नेणाऱ्याच्या नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा जातो तो याच कारणाने. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या गावोगावच्या मुलामुलींच्या बाबतीतही हाच धोका आहे.

आठवड्याची मांडणी

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन धावून जूनमध्ये कॉम्रेड्सला जाऊ इच्छिणाऱ्याचे उदाहरण घेऊ. डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्याचा आठवडा मॅरेथॉनचा असतो. सोमवारी विश्रांती. मंगळवारी चढावरची १० किलोमीटर धाव, बुधवारी तेवढेच अंतर सावकाश. गुरुवारी १४ किलोमीटर, त्यांपैकी मधले आठ शर्यतीच्या वेगाने. शुक्रवारी पुन्हा विश्रांती, शनिवारी १२ आणि रविवारी २८. एकूण ७४ किलोमीटर होतात. सावकाश धावणे म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतके सावकाश. या साध्या कसोटीपुढे महागड्या घड्याळांची फारशी गरज उरत नाही.

मॅरेथॉननंतर तीन-चार आठवडे अंग मोकळे करण्यापुरतेच धावावे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून आठवड्याचा तोल हळूहळू बदलत न्यावा आणि एप्रिलमध्ये नवी मांडणी पूर्ण रूपास यावी. मंगळवारची चढाची धाव सौम्य होते. वेगाचा एकच दिवस उरतो. तो बुधवारी येतो, कारण शनिवारपूर्वी पायांना दोन-अडीच दिवस मिळाले पाहिजेत. शनिवारी २० व रविवारी ३२ किलोमीटर अशा दोन लांब धावा लागोपाठ येतात. मंगळवार आणि गुरुवारचे दहा-दहा व बुधवारचे १४ धरून बेरीज ८६ होते. मॅरेथॉनच्या आठवड्यापेक्षा वाढ केवळ १२ किलोमीटरची आहे. बदलली आहे ती वाटणी. रविवारी थकलेल्या पायांनी निघण्याचा जो अनुभव मिळतो, तोच शर्यतीच्या साठाव्या किलोमीटरनंतर कामी येतो. एकाच दिवशी ५०-५५ किलोमीटर धावूनही तो मिळतो, परंतु त्यातून सावरण्यात पुढचा सबंध आठवडा जातो. अशी धाव संपूर्ण हंगामात एखादीच पुरे.

वेगाचा तो एक दिवस मात्र सोडू नये. केवळ संथ धावणाऱ्याची पावले आखूड व जड होत जातात, आणि पुढील वर्षीची पात्रता पुन्हा मॅरेथॉननेच सिद्ध करावयाची असते. दर चौथ्या आठवड्यास एकूण अंतर एक-तृतीयांशाने कमी करावे. मार्चअखेरीची कामे, वार्षिक परीक्षा, निवडणुकीचे कर्तव्य यांचे आठवडे आधी ठाऊक असतातच. हलका आठवडा तेथेच बसविणे शहाणपणाचे. बुडालेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढू नये. झोप तुटली असेल तर धावच तोडावी.

घाटाचा सराव हा दोन्ही शर्यतींना जोडणारा दुवा होय. साताऱ्याचा यवतेश्वर घाट किंवा पुण्याजवळचा सिंहगडाचा रस्ता येथे चढण्याइतकेच उतरण्यास महत्त्व आहे. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू शरीराला आवर घालताना ताणले जातात व त्यांतील तंतूंना इजा होते. मात्र एकदा अशी इजा भरून आली की पुढे काही आठवडे तेच स्नायू उताराला चांगले तोंड देतात. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी शनिवारची धाव घाटात असावी. शर्यतीपूर्वीच्या अखेरच्या दोन आठवड्यांत मात्र उतार पूर्ण टाळावा. तीव्र चढ चालत जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कॉम्रेड्समधील पॉली शॉर्ट्‌सच्या चढावर भलेभले चालतात.

वैशाखातील सराव

अडचण अशी की, सर्वाधिक अंतराचे आठवडे एप्रिल-मेमध्ये येतात. रविवारचे ३२ किलोमीटर आठ मिनिटांच्या गतीने सव्वाचार तास घेतात. पहाटे चारला निघालेला माणूस सव्वाआठला परततो. विदर्भ-मराठवाड्यात तेही उशिराचेच. उन्हात वेग राखण्याचा आग्रह सोडावा आणि त्या दिवशी वेळेचा हिशेब करावा, अंतराचा नव्हे. गोंधळल्यासारखे बोलणे, पाय लटपटणे अशी उष्माघाताची लक्षणे दिसताच धावणे थांबवून सावलीत अंगावर पाणी ओतावे व विनाविलंब रुग्णालय गाठावे.

पाण्याबाबत एक गैरसमज रूढ आहे. जितके प्यावे तितके चांगले, हे खरे नव्हे. तासन्‌तास धावताना तहानेपेक्षा फार अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते, आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. तहान लागेल तसे थोडे थोडे प्यावे. सोबत केळे, गूळ-शेंगदाणे, मीठ लावलेला उकडलेला बटाटा असे काही खात जावे. शर्यतीत जे खावयाचे ते रविवारच्या धावेत खाऊन पाहिलेले असावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मूत्रपिंडास घातक ठरू शकते. धावेनंतर लघवीचा रंग काळपट तांबडा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे.

अखेरचे तीन आठवडे ओसरते असतात. ८६ वरून ६०, मग ४०, आणि शर्यतीच्या आठवड्यात दोनदा पाच-सहा किलोमीटर. या दिवसांत पाय स्वस्थ बसत नाहीत आणि तयारी अपुरी राहिल्याचा भास होऊन शेवटची एक लांब धाव घेण्याचा मोह होतो. कॉम्रेड्स नऊ वेळा जिंकणारे ब्रूस फोर्डाइस अतिसरावाबाबत सदैव सावध असत. जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत हिवाळा असतो व शर्यत उजाडण्यापूर्वी सुटते. मे महिन्याच्या उकाड्यातून तेथे जाणाऱ्याने एखादा जुना स्वेटर बरोबर न्यावा, पहिल्या काही किलोमीटरनंतर तो काढून टाकता येतो.