भोयर : एका नावाचा मागोवा

मध्य प्रदेशातील पांढुर्णा, सौंसर आणि शेजारच्या मुलताईत स्वतःला पवार म्हणवणारा मोठा शेतकरी समाज आहे. वर्धेकडे तो भोयर पवार म्हणून ओळखला जातो, तर काही घरांत ‘भोयर’ हेच आडनाव लावतात. हे नाव आले कुठून?

त्याची कथा छापील रूपात सापडते ती रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात. औरंगजेबाने माळव्यातल्या धारला वेढा घातला, तटावरचे पवार पहाटे मागे हटले, म्हणून ‘भोर’ म्हणजे पहाट, त्यावरून भोयर! पण धार चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच परमार म्हणजेच पवार राजांकडून दिल्लीच्या सुलतानांकडे गेले आणि अकबराच्या काळात सगळा माळवा मोगलांचा झाला. मग औरंगजेब तिथे पवारांना वेढा कशाला घालेल? पहाटे पळाल्याचा ठपका हा इतिहास नव्हे, दंतकथा आहे.

माळव्याचे नाते मात्र असे झटकून टाकता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात छिंदवाड्याची भोयरी बोली माळवीच्या गटात धरली आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी शेजारात राहूनही बोलीने मूळ सोडले नाही.

दुसरी साक्ष कुळांची. समाजात बहात्तर कुळे सांगतात. रसेलने शंभरावर असल्याचे लिहिले. देशमुख, चौधरी ही नावे अधिकारातून आली, हजारी हे हजार स्वारांच्या मानातून. बडनगऱ्या कुळातली माणसे आपले नाव वडाशी जोडून त्याची पाने खात नसत, असे रसेल सांगतो. पण त्याच्या मते ते बडनगर गावावरून पडले. बडनगर नावाचे गाव आजही उज्जैन जिल्ह्यात आहे. पुढे यांतली अनेक कुळेच आडनावे म्हणून कागदोपत्री चढली.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत वर्धा मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि सोयरीकसंबंधांच्या मधून राज्याची सीमा गेली. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातले पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. शाळा आणि कचेऱ्या हिंदीच्या, बाजार मराठीचा; भोयरीला जागा उरली ती घरात, तीही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी.

नावाच्या उगमावर वाद घालत बसण्यापेक्षा आजी-आजोबांची बोली, कुळाचे नाव आणि मूळ गाव आजच एका वहीत लिहून ठेवा. धारच्या वेढ्याच्या गोष्टीपेक्षा ती वही जास्त भरवशाची ठरेल.